सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आजच्या दिवशी

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने सकाळच्या चहाआधी बायकोच्या नेमावर बोलू नये. चहानंतर बोललेलं माणूस विसरतो, आधी बोललेलं निस्तरावं लागतं. निरीक्षक नेमके चहाआधी बोलले.

काकूंचा नेम साधा होता. पहाटे पाचला उठायचं, अंघोळ करून दिवा लावायचा, पोथीतलं एक पान वाचायचं आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब घालायचा. बत्तीस वर्षं हे चाललं होतं. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, दिव्याला खाडा नव्हता. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. एकूणच त्या कमी बोलत, कारण घरातलं बोलण्याचं खातं निरीक्षकांकडे होतं. त्या दिवशी चहाला सात मिनिटं उशीर झाला. सातच, निरीक्षकांनी मोजली होती. आणि ते म्हणाले की रोज उठून एक पान वाचायचं यात एवढं मोठं काय आहे.

"मोठं काहीच नाही," काकू म्हणाल्या. "रोज करायचं, एवढंच."

हे 'एवढंच' निरीक्षकांना लागलं. लागायला जागाही होती. माळ्यावर एक पेटी होती, ती वाजवायला ते अकरा दिवस शिकले होते. फिरायला जायचे बूट होते, त्यांचे तळवे अजून दुकानातल्यासारखे होते. 'साठ दिवसांत परकी भाषा' या पुस्तकातली खूण दुसऱ्या धड्यात अडकून पिवळी पडली होती. काकूंनी त्या माळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि न पाहिल्यामुळेच ते निरीक्षकांना जास्त दिसलं.

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या नेम धरला. उद्या एक जुलै. उद्यापासून शंभर दिवस इमारतीच्या खालच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचा. जगात त्या तारखेला विज्ञानात, इतिहासात काय घडलं ते. अक्षर खोटं लिहायचं नाही, आणि लिहिल्याशिवाय अन्नाला तोंड लावायचं नाही. नेम मोडला तर जन्मभर पहाटे पाचला उठून काकूंच्या दिव्याची वात आपण वळू. शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज किंचित घसरला, कारण पहाटेचे पाच त्यांनी नोकरीत असताना दोनदाच पाहिले होते, आणि दोन्ही वेळा गाडी चुकली होती.

काकूंनी शांतपणे विचारलं, "चहा अन्नात येतो का?"

निरीक्षक भरात होते. येतो, म्हणाले. पुढचे शंभर दिवस त्यांना दुसऱ्या कशाचा नाही, पण या एका शब्दाचा पश्चात्ताप होत राहिला.

साधन त्यांच्याकडे होतं. वाचनालयाने रद्दीत काढलेलं एक जाडजूड पुस्तक त्यांनी मागे घरी आणलं होतं. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान, वर ठळक तारीख, पुढच्या बाजूला विज्ञान आणि मागच्या बाजूला इतिहास. रोज एक पान उलटायचं, वाचायचं आणि खाली जाऊन लिहायचं. निरीक्षकांच्या हिशेबाने दहा मिनिटांचं काम. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने कुठल्याही कामाला दहा मिनिटं धरावीत, याचंच खरं म्हणजे नवल वाटायला हवं.

पहिल्याच दिवशी चिटणीस आडवे आले. चिटणीस म्हणजे इमारतीच्या सोसायटीचे चिटणीस. तळमजल्यावर राहायचे आणि नियमावली उशाला घेऊन झोपायचे. त्यांचं म्हणणं असं की जिन्याखालचा फळा हा सूचना-फलक आहे. त्यावर फक्त सूचना लिहिता येते. दिनविशेष ही सूचना नव्हे. निरीक्षकांनी विचारलं, मग सूचना कशाला म्हणतात? चिटणिसांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की जी 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' अशी सुरू होते आणि जिच्याखाली चिटणिसांची सही असते, ती सूचना.

म्हणून एक जुलैला इमारतीतल्या लोकांनी वाचलं: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, १८५८ साली आजच्या दिवशी उत्क्रांतीच्या सिद्धांतावरचे निबंध विद्वानांच्या सभेत प्रथम वाचण्यात आले. दोन्ही लेखक सभेस गैरहजर होते.' चिटणीस सहीला आले आणि गैरहजर या शब्दावर थांबले. मांडणारेच हजर नसताना विषय इतिवृत्तात घेतला कसा, हे त्यांना पटेना. त्या सभेत कोणी हरकत घेतली नाही म्हणून आपण माकडाची औलाद ठरलो, असं ते नंतर पुष्कळ दिवस म्हणत. सही मात्र त्यांनी केली. शिवाय खाली एक ओळ वाढवली: 'पाणी जपून वापरावे.' फळ्यावर जागा उरली होती आणि रिकामी जागा त्यांना बघवत नसे.

सही ही मोठी अडचण झाली. चिटणीस साडेआठला उठत. सही नाही तर सूचना नाही, सूचना नाही तर नेम पुरा नाही, नेम पुरा नाही तर चहा नाही. सात वाजल्यापासून साडेआठपर्यंत निरीक्षक हातात खडू घेऊन चिटणिसांच्या दारासमोर येरझाऱ्या घालत. दूधवाल्याला पहिले आठ दिवस वाटलं की यांचं काहीतरी भांडण आहे. वर काकूंचं पान वाचून, नाश्ता होऊन, भांडीही आवरलेली असत. निरीक्षकांचं ताट मात्र त्या झाकून ठेवत आणि याबद्दल कधी अवाक्षर काढत नसत. हे न काढलेलं अवाक्षर निरीक्षकांना भुकेपेक्षा जास्त छळायचं.

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांच्या बायकोचं म्हणणं, सकाळी सकाळी बुडालेली जहाजं आणि लढाया नकोत. लोक दात दुखत असताना हे वाचत वर येतात. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले की लढायाच हव्यात, शास्त्रज्ञांनी मुलांची वाट लावली. डॉक्टरांचं स्वतःचं मत काहीच नव्हतं. बायको बोलत असताना ते सगळ्यांच्या दातांकडे बघत. पण बघता बघता इमारतीला फळ्याची सवय लागली. लोक खाली उतरताना थांबत, वाचत, आणि मुख्य म्हणजे तारीख बघत.

हे तारखेचं नीट समजून घेतलं पाहिजे. घरोघरी भिंतीवर कॅलेंडर होतं. पण भिंतीवरचं कॅलेंडर महिन्याच्या सगळ्या तारखा दाखवतं. त्यातली आजची कोणती हे सांगत नाही. वार प्रत्येकाला माहीत असतो, तारखेसाठी कोणाला तरी विचारावं लागतं. आता विचारायची गरज उरली नाही. फळ्यावर वर, मोठ्या वळणदार आकड्यांत, तारीख असायची. सरकारी तराजूवर शिक्का मारावा तशी.

वीस जुलैला मोठा पेच झाला. फळ्यावर आलं की आजच्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला. हेडमास्तर काठी टेकत खाली आले आणि म्हणाले की चूक. तो उतरला तेव्हा तिकडे वीस असेल, आपल्याकडे मध्यरात्र उलटून एकवीस लागली होती. निरीक्षकांनी विचारलं, चंद्रावर कुठली तारीख होती? हेडमास्तरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. चाळीस वर्षांत त्यांना उलट प्रश्न विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. मग म्हणाले की अशा पुस्तकाच्या भरवशावर इमारत चालवायची असेल तर ते आधी तपासलं पाहिजे.

अक्षर खोटं लिहायचं नाही असा नेम असल्यामुळे निरीक्षकांना नाही म्हणता येईना. पुस्तक तीन आठवडे हेडमास्तरांकडे राहिलं. तेवढे दिवस निरीक्षक रोज सकाळी उपाशीपोटी दुसऱ्या मजल्यावर जाऊन, दारात उभ्याने, वहीत उतरवून आणत. हेडमास्तर आत बसून चहा पीत पीत पानं तपासत. पुस्तक परत आलं तेव्हा त्यातल्या प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईत 'तपासले, बरोबर' असं लिहून सही होती. मधली काही पानं जराशी फुगीर वाटली. निरीक्षकांना वाटलं, लाल शाईचा भार असेल.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर लागला. नऊ सप्टेंबरला फळ्यावर आलं की एका अगडबंब संगणकात पतंगाचा किडा अडकून तो बंद पडला होता. चिटणिसांनी खाली जोडलं, 'जिन्यातील दिवे विनाकारण चालू ठेवू नयेत.' एकोणीस तारखेला आलं की पहिल्या मोठ्या बलूनमधून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा आकाशात जाऊन सुखरूप परत आले. डॉक्टरीणबाईंना हे फार आवडलं. मेंढीचा कुणी नवरा बरोबर गेला नव्हता म्हणूनच सुखरूप आली, असं त्या डॉक्टरांना ऐकू जाईल इतपत हळू म्हणाल्या. पंचवीस सप्टेंबरला नेमाचे सत्त्याऐंशी दिवस पुरे झाले. निरीक्षक माळ्याखालून जाताना आता मान वर करून जात.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पान उलटलं. वर सत्तावीस सप्टेंबर होती. वाफेच्या इंजिनाने प्रवाशांची पहिली आगगाडी ओढली होती. निरीक्षकांनी खाली जाऊन सत्तावीस सप्टेंबर लिहिली, आगगाडी लिहिली, सही घेतली आणि वर येऊन समाधानाने चहा प्यायले. तारीख त्यांनी आपली आपण कधीच मोजली नव्हती. पुस्तकात जी असेल ती. ज्या माणसाने चौतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली, त्याच्या मनात आपलं माप तपासावं असं येत नाही. येतं कुठे?

पहिला फटका पेपरवाल्याला बसला. हेडमास्तर पेपराची घडी उलगडण्याआधी वरची तारीख वाचत. इमारतीतल्या बाकीच्यांना वाटे, आज आला म्हणजे आजचाच. त्यांनी तारीख वाचली: सव्वीस. खाली जाऊन फळा पाहिला: सत्तावीस. फळ्यामागे पुस्तक होतं आणि पुस्तकावर त्यांची स्वतःची सही होती. निकाल उघड होता. दुसऱ्या दिवशी पेपरवाला सायकलवरून उतरतो न उतरतो तोच त्यांनी त्याला धरलं आणि शिळा पेपर खपवतोस म्हणून झाडलं. पेपरवाला बिचारा शपथा घेत होता. त्याने पिशवीतले सगळे पेपर काढून दाखवले; सगळ्यांवर तीच तारीख. यावरून दुसऱ्या कुणाला वेगळी शंका आली असती. हेडमास्तरांनी असं अनुमान काढलं की सबंध शहराला शिळा पेपर वाटला जात आहे. त्यांनी संपादकांना चार पानी पत्र लिहिलं आणि त्यावर फळ्यावरची तारीख घातली.

मग डॉक्टरांचं झालं. त्यांच्या लग्नाला तेवीस वर्षं होत होती, एकोणतीस सप्टेंबरला. आधीच्या बावीस वर्षांत त्यांना ती तारीख एकदाही वेळेवर आठवली नव्हती आणि त्याची नोंद डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात साल-वार होती. या वेळी डॉक्टर सकाळी दवाखान्यात जायला जिना उतरले, फळ्यावर ठसठशीत 'एकोणतीस सप्टेंबर' वाचलं आणि जागच्या जागी गार पडले. संध्याकाळी ते फुलं घेऊन आले, साडी घेऊन आले, आणि रोग्यांना लवकर घरी पाठवून आले. डॉक्टरीणबाईंनीही फळा वाचला होताच. डोळे पुसत त्या म्हणाल्या की आता पुढच्या तेवीस वर्षांत विसरलात तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या आईचा फोन आला. लग्नाच्या वाढदिवसाचे आशीर्वाद द्यायला. डॉक्टरीणबाई लाडाने म्हणाल्या, यंदा तू एक दिवस चुकलीस, आई. त्यांनी मात्र लक्षात ठेवलं.

पलीकडून म्हातारी म्हणाली, "अगं, तुझं लग्न मी लावलंय. तारीख मला शिकवतेस?"

डॉक्टरीणबाई फोन ठेवून जिना उतरल्या, फळा वाचला. तीस सप्टेंबर. मग त्या सरळ वर, तिसऱ्या मजल्यावर, निरीक्षकांच्या दारात आल्या. निरीक्षक नुकते जेवून आडवे झाले होते. त्यांना उठवून त्यांनी विचारलं की आज तारीख कोणती. निरीक्षक म्हणाले, तीस, आणि पुराव्याला पुस्तक आणलं. काकू पलीकडे बसून वाती वळत होत्या. त्यांनी नुसता हात पुढे केला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पानं मागे मागे नेत बोटांच्या चिमटीत एक पान धरलं. ते पान इतर पानांपेक्षा जाड होतं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. मग नाकाजवळ नेलं.

"चहा आहे," त्या म्हणाल्या. "साखर जास्त घातलेला."

केटलीच्या वाफेवर पान धरल्यावर दोन पानं हळूच सुटी झाली. आतून सव्वीस सप्टेंबर बाहेर आली. तळाशी लाल शाईत 'तपासले, बरोबर'. निरीक्षकांनी पान वाचलं. १९८३ साली त्या दिवशी एका देशातल्या यंत्रांनी दाखवलं होतं की शत्रूची क्षेपणास्त्रं येत आहेत. तिथल्या पाळीवरच्या अधिकाऱ्याने समोर दिसतं त्यावर विश्वास ठेवला नाही, खोटा इशारा म्हणून कळवलं, आणि जग वाचलं. समोर लिहिलेलं डोळे मिटून खरं मानू नये, एवढंच ते पान सांगत होतं, आणि नेमकं तेच चिकटलं होतं.

पाच ग्रॅम कमी भरलं म्हणून त्यांनी एकेकाळी दुकानं बंद केली होती. आता त्यांनी स्वतः सबंध इमारतीला चार दिवस, रोज एक दिवस जास्त मोजून दिला होता.

इतक्यात चिटणीस आले. ते दारातूनच फाईल नाचवत आले, आणि हे कधी कोणी पाहिलं नव्हतं. गच्चीवरच्या नव्या पाण्याच्या टाकीच्या परवानगीची सुनावणी नगरपालिकेत तीस सप्टेंबरला होती. तीन वर्षं रखडलेलं प्रकरण. चिटणीस फळा वाचून निघाले होते. तिथल्या कारकुनाने सांगितलं की तुमची तारीख उद्या आहे. चिटणिसांनी भिंतीकडे बोट केलं. रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं आणि त्यावर एकोणतीस होती. ते कारकुनाला म्हणाले की तुमच्याकडे कालचं पान फाडायलाही माणूस नाही, मग टाकीला तीन वर्षं लागतील नाही तर काय. आणि त्यांनी उठून स्वतःच्या हाताने पान फाडलं.

दुपारी साहेब आले. त्यांनी भिंतीवर तीस पाहिली, टेबलावर फाईल पाहिली, आणि विचारलं की आजची सुनावणी अजून का पुकारली नाही. कारकुनाने कॅलेंडरकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि नोकरीचा विचार केला. अर्ध्या तासात आदेश निघाला. टाकी मंजूर. खाली गोल शिक्का, तारीख तीस सप्टेंबर.

चिटणीस एवढं सांगून थांबले आणि मग त्यांना निरीक्षकांच्या हातातलं ओलसर पान दिसलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना थोडक्यात समजावलं. चिटणिसांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग नियमावलीच्या पुठ्ठ्याच्या रंगाचा.

त्यानंतर बराच खल झाला. चिटणिसांचं म्हणणं, बोंब करायचीच नाही. उद्या गुपचूप पुन्हा तीस लिहावी. दोन दिवस तीस राहिली तर कोणाचं काय जातं? बोभाटा झाला आणि नगरपालिकेच्या कानावर गेलं तर आदेश रद्द, टाकी रद्द, पुन्हा तीन वर्षं. डॉक्टरीणबाईंनाही बोभाटा नकोच होता. त्यांच्या घरी अजून कालची फुलं ताजी होती आणि डॉक्टरांना काही कळवायची त्यांची इच्छा नव्हती. निरीक्षक मान खाली घालून ऐकत होते. गुपचूप पुन्हा तीस लिहिली तर नेम वरून शाबूत दिसेल, शंभर दिवस पुरे होतील, माळ्याला उत्तर मिळेल. खरं लिहिलं तर सगळ्या इमारतीसमोर स्वतःच्या हाताने लिहावं लागणार होतं की चार दिवस खोटं लिहिलं. अक्षर खोटं लिहायचं नाही, हा तर नेमच होता. म्हणजे तो मोडलाच. म्हणजे पहाटेचे पाच, जन्मभर. आणि वर टाकीचा शाप.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू वात वळत होत्या.

तीस सप्टेंबरच्या सकाळी, खऱ्या तीस सप्टेंबरच्या, फळ्यावर आलं: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गेले चार दिवस या फळ्यावरची तारीख एक दिवस पुढे होती. आज तीस सप्टेंबर आहे. चूक माझी.' आणि खाली निरीक्षकांनी आपली सही केली.

चिटणीस साडेआठला आले, वाचलं, आणि म्हणाले की आधीची सूचना खोटी होती अशी सूचना काढायची तरतूद नियमात नाही. निरीक्षकांनी सहीसाठी खडू पुढे केला. दीड तासाचं उपाशी पोट आणि रात्रभराची जाग त्यांच्या तोंडावर दिसत होती. चिटणिसांनी फाईल काखेत मारली आणि सही न करताच निघाले. नगरपालिकेत जाऊन आपणच कबूल करून येतो, म्हणाले. तसे ते वाईट नव्हते, फक्त नियमातून बोलत.

मग जिन्यावर काठीचा आवाज आला. हेडमास्तर उतरले. हातात पेपर होता. त्यांनी फळा दोनदा वाचला. निरीक्षकांनी चहाबद्दल एक शब्द काढला नव्हता, फळ्यावरही नाही आणि तोंडीही नाही. हेडमास्तर बराच वेळ खडूकडे बघत राहिले. पुस्तकावर चहा सांडला तेव्हा त्यांनी ते गुपचूप गादीखाली दाबून वाळवलं होतं आणि चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवल्यानंतर हे कोणाला सांगावं ते त्यांना कळलं नव्हतं. आता त्यांनी खडू घेतला. 'चूक माझी' यातला 'माझी' पुसून तिथे 'दोघांची' लिहिलं, खाली सवयीने 'तपासले, बरोबर' लिहिलं, आणि पेपरवाला पेपर टाकून परत कधी जातो ते बघत फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

चिटणीस बारा वाजता परत आले. गोंधळलेले होते. त्यांनी साहेबांना सगळं खरंखरं सांगितलं होतं. साहेबांनी आदेश पाहिला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. काल दोन पानांचं काम एकदमच झाल्यामुळे आज कोणी पान फाडलं नव्हतं. भिंतीवर तीसच होती. साहेब म्हणाले की आदेशावर तीस आहे, आज तीस आहे, अडचण काय? वर असंही म्हणाले की या कार्यालयातून वेळेवर निघालेला हा पहिला आदेश आहे, त्याला तुम्ही फाटे फोडू नका. चिटणिसांनी फळ्याखाली सही केली आणि जोडलं, 'टाकी मंजूर झाली आहे. तरी पाणी जपून वापरावे.'

तेव्हा कुठे निरीक्षक वर गेले. साडेबारा झाले होते. ताट झाकलेलं होतं. ते ताटासमोर बसले पण हात लावेनात. म्हणाले, नेम मोडला. उद्यापासून पाचला उठव.

काकूंनी त्यांच्यासमोर पाण्याचं भांडं ठेवलं.

"लिहायच्या आधी जेवलात का कधी?"

"नाही."

"चहा?"

"थेंब नाही."

"खोटं आहे हे माहीत असून लिहिलंत?"

"नाही."

"माहीत झाल्यावर?"

निरीक्षकांनी बोटांवरचा खडू पुसला.

"मग तारीख चुकली," काकू म्हणाल्या. "नेम कुठे चुकला? माझंही दोनदा पोथीचं पान चुकलंय बत्तीस वर्षांत. जेवा. ब्याण्णव झाले."

पुढचे दिवस सुरळीत गेले. पाच ऑक्टोबरच्या पानावर होतं की १५८२ साली काही देशांत पंचांग सुधारायला दहा दिवस वगळले. लोक चार ऑक्टोबरला झोपले आणि पंधरा ऑक्टोबरला उठले. पाचपासून चौदापर्यंतचे दिवस तिथे उगवलेच नाहीत. निरीक्षकांनी हे वर येऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांच्या मानाने आपली एका दिवसाची चूक किरकोळ होती. काकू हातातलं काम थांबवून विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांच्यात ज्यांचा रोजचा नेम असेल, त्यांनी त्या दहा दिवसांचं काय केलं असेल हो? निरीक्षक म्हणाले, अगं, ते दिवस नव्हतेच. काकू म्हणाल्या की तसं नाही, एखादीने चुकून लावला असेल दिवा, तर तो कोणत्या दिवसाला गेला असेल? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. निरीक्षकांनी दोन्ही बाजू वाचून पाहिल्या.

आठ ऑक्टोबरला शंभर पुरे झाले. डॉक्टरीणबाईंनी फळ्याभोवती फुलं लावली. निरीक्षकांनी जाहीर केलं की उद्या आपण सात वाजता उठणार आणि अंथरुणातच चहा पिणार.

नऊ ऑक्टोबरला पाच वाजता काकूंनी काडी ओढली, त्या आवाजाने निरीक्षकांना जाग आली. ते तसेच पडून राहिले. सहाला उठले. सातला काकूंनी चहा आणून ठेवला. निरीक्षकांनी कप उचलला, ओठापर्यंत नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मग, जरा पाय मोकळे करून येतो, असं म्हणून ते खाली गेले. खडू खिशात होताच.

फळा कोरा होता आणि फळ्यासमोर माणसं उभी होती. डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, दूधवाला, आणि साडेआठला उठणारे चिटणीस, सात वाजता, झोपेच्या कपड्यांत. हेडमास्तर सगळ्यांच्या पुढे होते. निरीक्षकांना पाहताच ते म्हणाले, "आज तारीख काय?"

"पेपरात असेल की," निरीक्षक म्हणाले.

"पेपरात नऊ आहे," हेडमास्तर म्हणाले. "पण तुम्ही लिहिल्याशिवाय कशावरून?"

निरीक्षकांनी मनातल्या मनात बोटं मोजली, आधी सुलटी आणि मग उलटी. मग खडू काढला.

वर आले तेव्हा चहाचा कप जागेवर नव्हता. तो परत चुलीशी गेला होता, आणि ताट झाकलेलं होतं.